उशीला लावलेली नळी

माझा धाकटा भाऊ न्हावी आहे. आमच्या गल्लीत त्याला सगळे रेडिओ म्हणतात. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लागला की याचं सुरू. ते बिचारं उलट बोलणार काय, गळ्याशी वस्तरा असतो. मीही काही कमी नाही म्हणा. शाळेच्या बसमध्ये पोरं चढवायची-उतरवायची माझी नोकरी, त्यामुळे आवाज खणखणीत. आम्ही दोघं एका खोलीत असलो की आई कानात बोटं घालायची.

त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीची दोन्ही मूत्रपिंडं गेली आणि रेडिओ हळूहळू बंद पडला. तिचं डायलिसिस घरीच चालतं. पोटातून एक नळी बाहेर काढलेली आहे, तिच्यातून औषधाचं पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, मग काढून नवं भरायचं. असं दिवसातून चार वेळा. सणवार नाही, आजारपण नाही, कंटाळा नाही. भावजयीच्या कारखान्याच्या विम्यातून पोरीचं औषधपाणी भागतं, तेव्हा तिची नोकरी सुटून चालणार नव्हती. दुकान अर्धा वेळ बंद ठेवता येतं. म्हणून हे काम बापाकडे आलं, आणि त्याने ते दुसऱ्या कुणाला शिवू दिलं नाही. खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत हात धुवायचे. नळीच्या उघड्या टोकाला बोट लागलं तर पोटात जंतू जातात आणि पोर हातची जाते, हे त्याच्या डोक्यात असं बसलं होतं की आम्हाला दारातसुद्धा उभं राहू देत नसे.

नातेवाईक म्हणायचे, काय धीराचा बाप आहे. माझं डोकं फिरायचं. अरे, न्हाव्याचीच दाढी वाढलीय, ताटातलं अन्न तसंच राहतंय, कुणी काही विचारलं तर भिंतीकडे बघतोय, याला धीर म्हणतात होय? मी त्याला टोचून बघितलं, रागावून बघितलं. तो नुसता हं म्हणायचा. भांडायला तयार नसलेल्या भावाचं करायचं काय, सांगा.

आणि मग एकदम त्याने शिकवायला घेतलं. आधी भावजयीला, मग मला. एक जुनी नळी त्याने उशीला शिवली होती, पोटाच्या जागी. त्या उशीवर सराव करायचा. माझी सुट्टी असली की बोलवायचा. पिशवी कोमट कशी करायची, टोपण कसं काढायचं, आधी काय आणि नंतर काय, सगळं हातचं काही न राखता शिकवलं. मला केवढा आनंद झाला. म्हटलं, सुटला एकदाचा. आता ओझं वाटलं जाईल, हा दुकानात जाईल, पुन्हा गिऱ्हाइकांचे कान किटतील. भावजय तर रडली. म्हणाली, ताई, आता गॅसची टाकी कशी बदलायची, पाण्याचा पंप कसा लावायचा, तेही शिकवतात मला. आधी कधी हात लावू देत नव्हते.

त्या दुपारी मी उशीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बिनचूक केलं. त्याने बारीक नजरेने बघितलं आणि हसला. कित्येक महिन्यांनी हसला. म्हणाला, "झालं. आता माझ्यावाचून कुणाचं अडत नाही."

गॅसची टाकी, पंप, ही उशी, सगळं एका क्षणात समोर उभं राहिलं. हा माणूस ओझं वाटून देत नव्हता, आवराआवर करत होता. आणि मी मूर्खासारखी मन लावून शिकत होते.

"परत करून दाखवते," मी म्हटलं.

टोपण काढलं आणि नळीच्या उघड्या टोकावर सरळ अंगठा ठेवला. तो दचकला. म्हणाला, पहिल्यापासून कर. केलं, आणि पुन्हा अंगठा तिथेच ठेवला. तिसऱ्यांदाही तेच. त्याचा आवाज चढला.

"मुद्दाम करतेयस तू."

"हो, मुद्दाम. मला येत नाही आणि येणारही नाही. तू जीव द्यायचा विचार करतोयस का?"

आमच्या घरात असं सरळ कुणी कुणाला विचारत नाही. त्याने उशी बाजूला सारली. मला वाटलं, आता उठून जाईल, आणि गेला तर मी त्याला धरणार कशी?

"हो," तो म्हणाला. "थकलोय गं ताई. सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले."

तेवढ्यात आतून पोरीने हाक मारली, बाबा, वेळ झाली. तो उठला. खिडकी लावली, मास्क बांधला, हात धुतले आणि पहिल्यांदाच मला आत येऊ दिलं, मास्क लावून. पोर पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत होती. त्याचे डोळे वाहायला लागले. धुतलेले हात वर धरलेले, पुसणार कशाने? मी पुढे झाले आणि ओढणीने त्याचे डोळे पुसले. ओढणी त्याच्या बोटांना लागली, म्हणून त्याला पुन्हा हात धुवायला लावले, कारण मला सगळं येत होतं.

भावजयीला फोन करून बोलावून घेतलं. पोरीला तिच्याजवळ ठेवलं आणि मी भावाला रिक्षात घातलं. उद्या जाऊ म्हणत होता. मी त्याचं मनगट सोडलं नाही. पोरीच्याच दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात, ते मला बाहेरच्या पाटीवरून ठाऊक होतं. खिडकीवरची बाई त्याला ओळखत होती. तिने पोरीचा केसपेपर काढायला घेतला.

"तिचा नको," मी म्हटलं. "आज पेशंट हा आहे."

बाईने त्याच्याकडे नीट बघितलं, नवा कागद घेतला आणि नाव विचारलं. त्याने स्वतःचं नाव सांगितलं. मग तिने वय विचारलं.

"नऊ," तो म्हणाला.

बाईने मान वर केली. तो स्वतःचं वय आठवत उभा राहिला. शेवटी ते मीच सांगितलं.