उजवा कोपरा

तलासरीच्या आमच्या कॉलेजात जुने संगणक धूळ खात पडले होते. त्यांवर विंडोज काढून फुकटात मिळणारं लिनक्स टाकलं की ते नव्यासारखे चालतील, असं मी प्राचार्यांच्या इतकं मागे लागून सांगितलं की शेवटी ते म्हणाले, "एकदा सगळ्यांना करून दाखवा."

मी माझा लॅपटॉप घेऊन स्टाफरूममध्ये उभा राहिलो. त्यावर आदल्याच आठवड्यात लिनक्स टाकलं होतं, त्यामुळे आवाजात नव्या धर्मांतरिताचा जोर होता. "आता या फाइलवर राइट क्लिक करू," म्हणत टचपॅडचा उजवा कोपरा दाबला. मेनू आला नाही. पुन्हा दाबला, पुन्हा, मग घाईघाईने दोनदा. तशी फाइलच उघडली. ती बंद करून परत दाबत राहिलो, तर भलतीच फाइल उघडली. उंबरगावहून येणारे गणिताचे सर शांतपणे म्हणाले, "अमारे विंडोजमां तो थाय छे." म्हणजे, आमच्या विंडोजमध्ये तर होतं. प्राचार्यांनी चहा मागवला.

हायवेवरून बसने डहाणूला येईपर्यंत माझं निदान पक्कं झालं होतं: टचपॅड बिघडलाय. आमचं घर किनाऱ्याला लागून. मी ओट्यावर बसून लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं, तर आत खरंच चिमूटभर वाळू निघाली. बायको अंगणात सुकत घातलेले बोंबील उलटवत होती. तिला ती वाळू विजयाने दाखवली.

"वाळू माझ्या साड्यांतही असते," ती म्हणाली. "म्हणून मी साडी उसवते का?"

झाकण लावलं तेव्हा एक स्क्रू उरला. तो गुपचूप खिशात टाकला. मग इंटरनेटवर कोणीतरी लिहिलेल्या आज्ञा, अर्थ न कळता, एकामागून एक टाइप केल्या. त्यानंतर टचपॅड पूर्णच बंद पडला. लॅपटॉप बंद करून परत सुरू केला, तेव्हा कुठे तो पुन्हा चालू लागला. टचपॅड सैल झालाय का बघावं म्हणून दोन बोटांनी मधोमध दाबला, आणि मेनू टपकन उघडला.

मग निमूटपणे मदतीचं पान वाचलं, जे पहिल्यांदाच वाचायला हवं होतं. बिघाड नव्हताच. या लिनक्समध्ये राइट क्लिकसाठी दोन बोटं टेकवून दाबायची असतात. उजवा कोपरा हवा असेल तर सेटिंगमध्ये तसं निवडायचं. मी दोन दिवस हौसेने दोन बोटांनीच काम केलं. मग वाटलं, गणिताच्या सरांना विंडोजमधल्या कोपऱ्याची सवय आहे, त्यांना सोपं जावं. म्हणून तलासरीला निघण्याआधी सेटिंग बदललं.

स्टाफरूममध्ये परत उभा राहिलो. "आता राइट क्लिक," म्हणालो, आणि नव्या सवयीप्रमाणे दोन बोटांनी दाबलं. मेनू आला नाही. सेटिंग आपणच बदललंय हे आठवायला मला बराच वेळ लागला. कोपरा दाबला, मेनू आला, पण तोवर गणिताचे सर खिडकीबाहेर बघत होते.

प्राचार्य म्हणाले, "बसवा लिनक्स."

मी थक्क झालो. "पण सर, हे टचपॅडचं..."

"आपल्या संगणकांना टचपॅड आहे कुठे? सगळ्यांना माऊस आहेत."