सीलरनं बुजवलेली भोकं

ज्या माणसाच्या नखात कधी प्रायमर गेलेला नाही, त्यानं मला पत्र्याचा सांधा कसा भरायचा हे शिकवावं आणि मी ते मुकाट्यानं ऐकावं, अशी वेळ तीन वर्षांपूर्वी माझ्यावर आली.

पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये मी बारा वर्षं वेल्डर होतो. मग इच्छापोरला शेड घेऊन गाड्यांचं डेंटिंग सुरू केलं. तिथंच एका शेठची गाडी आली ती टेम्पोवर चढून. त्याच्या वडिलांची, गोल दिव्यांची जुनी गाडी. शेठला ती जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात उभी करायची होती. गाडीवर त्याचा जीव होता असं काही माझ्यानं म्हणवत नाही. चार महिन्यांत त्यानं एकदाही बॉनेटखाली डोकावून पाहिलं नाही, रंग मात्र पाच वेळा बदलून सांगितला.

जीव होता तो ड्रायव्हरकाकांचा. शेठच्या वडिलांपासून ही गाडी त्यांनीच चालवलेली. रोज दुपारी रिक्षानं यायचे, स्टुलावर बसायचे आणि मी सडका पत्रा कापायला घेतला की तोंड फिरवायचे.

दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथं फट राहते. तिथं पाणी शिरलं की गंज आतून खायला लागतो. म्हणून सांधा घासायचा, पुसायचा, प्रायमर मारायचा, तो सुकला की बंदुकीतून सीलरची, म्हणजे फट बुजवणाऱ्या चिकट लुकणाची, बारीक वात सोडायची आणि ब्रशनं दाबून बसवायची. पण दाराच्या तळाशी मुळातच भोकं ठेवलेली असतात. काचेच्या कडेनं आत उतरलेलं पाणी तिथून खाली जातं. ती बुजवायची नसतात. एवढं कळायला कॉलेजात जावं लागत नाही.

पण शेठनं आणलेला तज्ज्ञ बहुतेक कॉलेजात गेलेला होता. अहमदाबादहून आला, हातात चामड्याचे मोजे, डोक्यावर टोपी. आल्या आल्या आधी स्वतःचा व्हिडिओ काढायला लावला. मग डाव्या दाराशी वाकून म्हणाला, "ये होल खुले क्यों छोडे हैं?"

"साहेब, पाणी जायला."

"पाणी आत येईलच कशाला?"

"काचेच्या फटीतून येतं."

तो शेठकडे बघून हसला. "लोकल मिस्त्री," म्हणाला. मग बंदूक घेऊन त्यानं डाव्या दाराचा तळ लिंपला. ब्रश लावला नाही. टूथपेस्टसारखे जाड ओघळ काढून भोकं बंद केली आणि व्हिडिओकडे अंगठा दाखवला.

"भाई, ए जेम कहे एम करो," शेठ मला म्हणाला. म्हणजे तो सांगेल तसंच करायचं.

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "ती का तुमना बापनी गाडी शे?" खरंच होतं. मी डाव्या दाराला हात लावला नाही. उजवं दार माझ्या पद्धतीनं केलं. ते तपासायची त्या तज्ज्ञाला गरज वाटली नाही. व्हिडिओ एका दाराचा पुरेसा होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी काकांनी पाइप लावून गाडी धुतली. दारांच्या आतल्या गाद्या अजून बसवायच्या होत्या. शेठ पांढरे बूट घालून आला, तज्ज्ञ मागोमाग. शेठनं डावं दार झटक्यात उघडलं. आत साचलेलं पाणी हिंदकळलं आणि आतल्या पत्र्यावरच्या, गादी बसवायच्या उघड्या भोकांतून थेट त्याच्या बुटांवर आलं.

मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम गप्प राहिलो.

तज्ज्ञ काकांवर खेकसला, "इतना पानी कौन मारता है?" शेठ तर ओरडायलाच लागला. काकांनी पाइप खाली ठेवला, हात जोडले. "शेठ, भूल थई गई."

न केलेली चूक तो म्हातारा माणूस आपल्या अंगावर घेत होता. स्क्रूड्रायव्हर घेऊन मी दाराखाली आडवा झालो, सीलर टोचून काढलं. पाणी भळाभळा फरशीवर आलं.

"काकांनी काही केलेलं नाही," मी म्हणालो. "पाण्याची वाट ह्यांनी बंद केली."

तज्ज्ञाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "ते तात्पुरतं होतं. शेवटी उघडायचंच होतं."

आणि शेठनं मान डोलावली! बूट ओले, डोळ्यांसमोर फरशीवर तळं, तरी डोलावली. त्या तज्ज्ञाचं मी समजू शकतो, थापांवरच त्याचं पोट होतं. पण शेठइतका आतून पोकळ माणूस मी आजवर पाहिला नाही.

गाडीला बक्षीस मिळालं. फोटोत तज्ज्ञ गाडीला टेकून उभा. मला शेठचं पुन्हा काम आलं नाही.

पंधरा दिवसांनी भर दुपारी काका एकटेच गाडी घेऊन आले. शेठला सांगितलं नव्हतं. "आणखी कुठं कुठं बंद केलंय, बघा," म्हणाले. मी गोणपाट टाकून गाडीखाली शिरलो, ते उकिडवे बसून बॅटरीचा उजेड धरून राहिले. डाव्या दाराखालच्या पट्टीत तज्ज्ञाच्या त्याच जाड ओघळांनी बुजलेली तीन भोकं निघाली. एकेक मोकळं करत असताना काकांनी विचारलं, "तमने तो खबर हती ने, भाई?"

आवाजात राग नव्हता. खालून मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

"हो काका, ठाऊक होतं," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून."