बाल्कनीतले वाणी

नोकरीसाठी तेलुगू मुलखात, तारनाक्याला राहायला आल्यावर मी सकाळी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जायचो. एकदा झाडाखालच्या कुजक्या पाचोळ्यात दोन जाडजूड वाणी दिसले. पुण्याकडे यांना पैसा म्हणतात. हात लावला की वेटोळं करून गुपचूप पडणारा हा ढीगभर पायांचा किडा मला लहानपणापासून आवडतो. दोघांना डब्यात घालून घरी आणलं.

"आता हेच राहिलं होतं," आई म्हणाली. वडील गेल्यावर ती नांदेडहून माझ्याकडे आली होती आणि मी ऑफिसला गेलो की दिवसभर एकटी कंटाळायची. "लोक कुत्रं पाळतात, पोपट पाळतात. तू वाणी पाळायलास?"

मी प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्याला भोकं पाडली, त्यात ओलसर माती, कुजकी पानं, लाकडाचे तुकडे भरले आणि डबा बाल्कनीत सावलीला ठेवला. काही दिवसांनी बघतो तर आत काकडीची सालं आणि अंड्याच्या टरफलांचा चुरा.

"टरफलं चांगली असतात असं तूच म्हणला होतास," आई तिकडे न बघता म्हणाली.

मग दोघंही मातीत शिरले ते वर येईनात. कात टाकत असतील, उकरू नकोस, असं आईला बजावलं आणि मी ऑफिसच्या कामासाठी विजयवाड्याला गेलो. तिथं दुपारी तिचा फोन.

"अरे, मेले वाटतं ते. डबा धुवावा म्हणून माती पेपरावर उलटी केली, तर बारीक पांढऱ्या अळ्याच अळ्या!"

"हात लावून बघ, काय करतात."

"थांब, चष्मा घालते." बराच वेळ फक्त शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. मग हळू आवाजात, "गोल व्हायल्यात रे."

"आई, पिल्लं आहेत ती."

"अगं बाई! अन् मी बाळंतिणीचं घर उलटं केलं!"

परत आलो तोवर माती पुन्हा डब्यात गेली होती. समोरच्या फ्लॅटमधल्या तेलुगू काकूंशी आईचं आजवर नुसतं हसण्यापुरतं होतं. पण त्याच चित्रकलेचा मऊ ब्रश घेऊन पिल्लं उचलायला बसल्या होत्या म्हणे.

"आधी 'अम्मो, रोकलीबंडा!' म्हणून ओरडली," आई सांगत होती. "त्यांच्यात वाण्याला तसं म्हणतात. मग म्हणली, नक्को फेको, बच्चे हैं."

मोठे दोघंही मातीत जिवंत सापडले होते. एकाचं अंग नुकतीच कात टाकल्यानं अजून फिकट होतं. काही पिल्लं दगावली, बरीचशी जगली. हळूहळू ती तपकिरी झाली, प्रत्येक कातीबरोबर त्यांचे पाय वाढत गेले, आणि काकू रोज चारला ते बघायला येऊ लागल्या.

एका रविवारी, आई जायची त्या बुद्धविहारातल्या बायका घरी आल्या. त्यांनाही बाल्कनी दाखवून झाली.

"चावत नाहीत का हो?" एकीनं लांबूनच विचारलं.

आईनं मोठ्यातला एक उचलून तळहातावर घेतला. तो मनगटाकडे चालू लागला तशी ती खुदकन हसली. "गुदगुल्या व्हायल्यात," म्हणाली, आणि मला सगळ्यांसाठी चहा टाकायला पिटाळलं.