जावईबापूंचं व्रत

आमच्या लग्नात माझ्या आईला एकच गोष्ट खटकली होती. नवरा मुलगा सातवी पास, पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात नोकरीला, राहायला कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्या. सगळं जमून आलं होतं. पण त्या खोल्यांना लागूनच संडास आहे हे कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "जिथं रांधायचं तिथंच? शी बाई!" चाकणजवळच्या आमच्या गावात लहानथोर सगळे टमरेल घेऊन रानात जायचे. घरातच असलं काही असणं तिला ओंगळ वाटे. पुढं त्याच संडासाला मी रोज मनातून हात जोडणार आहे, हे तेव्हा तिला काय आणि मला काय, कुठं ठाऊक होतं!

ह्यांचं काम मोठं मजेशीर होतं. इंजेक्शनची भरलेली बाटली दिव्यासमोर धरायची आणि आत कण, धागा, काचेचा कपचा तरंगतोय का ते बघायचं. दिवसभर तेच. घरी आले की तोच डोळा माझ्या आमटीवर. "ह्यात काहीतरी तरंगतंय." मी म्हणायची, "मोहरी आहे ती. नापास करा आणि उपाशी झोपा." ह्यांनाही तोंड होतं, एकाला दोन उत्तरं द्यायचे. आमचा संसार टोमण्यांवर चालला होता आणि बरा चालला होता.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ह्यांचं पोट बिघडलं ते बिघडलंच. कळा, जुलाब, रक्त, बारीक ताप. दिवसातून दहा-बारा वेळा धावावं लागे. कारखान्यात दर वेळी जमादाराला सांगून जायचं, म्हणून हे लाजून दाबून धरत आणि घामानं निथळत घरी येत. एक वैद्य आमांश म्हणाले. एका डॉक्टरांनी आतड्याचा क्षय ठरवून महिनोन्‌महिने सुया टोचल्या. साऱ्या मुलखाला औषध पुरवणारा आमचा कारखाना, पण त्यातलं एकही औषध ह्यांना लागू पडेना. शेवटी पुण्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी पोट उघडलं, आतड्याचा तुकडा काढला आणि हा क्षय नव्हे, क्रोन नावाचा आजार आहे, असं सांगितलं. मी विचारलं, "बरा होतो का?" ते म्हणाले, "सांभाळता येतो."

वर्षभरात दुखणं परत आलं. ह्या वेळी मात्र पोटाबरोबर मनही गेलं. कामावरून रजा घेतलेली, दाढी वाढलेली, आणि हे सकाळपासून भिंतीकडं तोंड करून बसलेले. मी टोमणे मारून बघितले, उत्तर नाही. एकदा मुद्दाम ताटातल्या मऊ भातावर मधोमध एक मोहरी ठेवली. मुकाट्यानं खाल्ली. त्या दिवशी मी मोरीत जाऊन खूप रडले.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि आतडं आवळत चाललंय, महिन्याभरात दुसरं ऑपरेशन करा, म्हणून बजावलं. एकदा का पूर्ण बंद झालं की मग वेळ मिळणार नाही म्हणाले. हे साफ नाही म्हणाले. "एकदा कापून झालं ना? आता बास. माझ्यामागं तू तरी सुटशील." मी दर वेळी तेच सांगायची, "काहीतरीच काय! मला काही त्रास होत नाही." हे माझ्याकडं क्षणभर बघत आणि पुन्हा भिंतीकडं वळत. दिवस जात होते आणि मला धडकी भरली होती.

त्यातच त्या वर्षी भाद्रपद अधिक आला आणि आईचं बोलावणं आलं. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं आणि तेहेतीस अनारसे द्यायचे, ही आमच्याकडची रीत. तेवढ्यापुरता जावई म्हणजे साक्षात विष्णू. मला वाटलं, जागा बदलली तर मन बदलेल. हे तयार झाले, बहुधा नाही म्हणायला जास्त शब्द लागले असते म्हणून.

अडचण एवढीच, की माहेरी मी आजाराचं अक्षरही कळवलं नव्हतं. क्षयाची नुसती शंका आली तरी त्या काळी लोक तांब्या-भांडं वेगळं काढायचे. आणि आईनं तर मला ओढून परत नेलं असतं, ह्याची मला खात्री होती.

न्यायला माझे चुलते बैलगाडी घेऊन आले. काकांच्या जांघेत अंतर्गळाची मोठी गाठ होती, त्यामुळे ते एका कुल्ल्यावर बसून गाडी हाकायचे. मी चार धोतरं आणि पाण्याची कळशी बरोबर घेतली. भोसरी यायच्या आत गाडी दोनदा थांबली. हे पाणी घेऊन झाडीत जायचे, येऊन हातपाय धुवायचे, धोतर बदलायचे. तिसऱ्यांदा थांबल्यावर काकांना राहवेना.

"जावईबापू सारखं सारखं पानी घिऊन कुठं जात्यात गं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, त्यांचं व्रत हाय. अधिक महिन्याचं. दिसातनं धा-बारा येळा एकांतात जाऊन नाव घ्यायचं आन सोवळं बदलायचं."

"बोलत बी न्हाईत?"

"मौन हाय."

"दाढी?"

"महिना सरल्याबिगर काढायची न्हाई. आन मऊ भात नि ताक, दुसरं काई चालत न्हाई."

काकांनी टोपी काढली आणि झाडीच्या दिशेनं हात जोडले. एका थापेत मी ह्यांची सगळी लक्षणं बसवली होती. खरं सांगते, मला थोडा अभिमानच वाटला.

दिवेलागणीच्या आत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाया ह्यांच्या पाया पडायला येऊ लागल्या. आमच्या मळ्यात बाजरी डोक्याइतकी उभी होती. हे टमरेल घेऊन तिकडं निघाले की रस्त्यावरची माणसं बाजूला सरून हात जोडून उभी राहायची. आईनं तर कमालच केली. व्रत मोडू नये आणि आपलं पुण्यही बुडू नये म्हणून तिनं पुरण नि अनारसे रद्द करून बोराएवढे तेहेतीस मऊ भाताचे गोळे वळले, तांब्याच्या ताटात मांडले, मधे निरांजन लावलं आणि जावयापुढं ठेवलं. ह्यांनी नऊ खाल्ले. उरलेले आळीत प्रसाद म्हणून वाटले गेले.

दुपारी मागच्या खोलीत हे माझ्यावर उसळले. "तू मला देव करून ठेवलंस! मी हगायला जातो आणि बायका मागून नमस्कार करतात!"

पाच महिन्यांत ह्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. इतका आनंद झाला की काय सांगू! मी म्हटलं, "हळू बोला, मौन आहे तुमचं." ह्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. पण लगेच विझलं आणि हे भिंतीकडं वळून आडवे झाले. डॉक्टरांनी दिलेल्या महिन्यातले दहा दिवस तेव्हा उरले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका पडवीत ह्यांच्यासमोर येऊन बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मी आत दाराशीच तांदूळ निवडत होते.

"जावईबापू, तुमचं मौन मोडतोय. पाप लागलं तर मला लागू द्या. डाक्तर म्हनतोय गाठीचं आपरेशन करा. वरीस झालं, म्या जाईना. भ्या वाटतं. तुमी देवाचं नाव घेनारं मानूस. तुमी जा म्हनलात तर जातो. नगं म्हनलात तर न्हाई जायाचा."

माझा हात सुपातच थांबला. काकांचा जीव आता माझ्या थापेवर लटकत होता. ह्यांनी सदरा वर केला. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत गेलेला तो जाड, वेडावाकडा व्रण मी सोडून कुणीच पाहिला नव्हता.

"काका, व्रत वगैरे काही नाही. माझी आतडी खराब आहेत. मी रानात नाव घ्यायला जात नाही, परसाकडला जातो. ही तुम्हाला खोटं बोलली."

काका त्या व्रणाकडं बघत राहिले. "लई दुखलं आसंल."

"कापताना नाही कळत, भूल देतात. नंतर दुखतं. आठवडाभर तर फार. मग कमी होतं."

"मंजी जाऊ म्या?"

"जा. गाठ अडकली तर मराल."

"आन तुमचं? बरं झालं?"

"नाही. मलाही परत बोलावलंय. मी जाणार नाही."

"आँ? मला जा म्हनता, आन तुमी न्हाई? ह्ये बरं हाय!"

ह्यांनी सदरा खाली ओढला. "तुमची नुसती गाठ आहे, काका. मला सकाळी डोळेच उघडावेसे वाटत नाहीत. आणि हिचे हाल बघवत नाहीत. मी नसलो तर ही सुटेल."

मी उठले तशी सुपातले तांदूळ दारभर सांडले. 'मला काही त्रास होत नाही' हे वाक्य तोंडात तयार होतं, पाठच झालं होतं. पण बाहेर आलं ते वेगळंच.

"होतो मला त्रास! रोज होतो. धोतरं धुऊन कंटाळले. मऊ भात शिजवून कंटाळले. तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसता ना, तेव्हा असा राग येतो की ती भिंतच पाडावी. कितीदा वाटतं, उठावं आणि इथं निघून यावं. पण आले तर दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवलात की नाही म्हणून पळत परत जाईन. मला नाही सुटायचं. मला तुम्ही हवे आहात."

चुलत्यासमोर नवऱ्याशी असं बोलण्याचा तो काळ नव्हता. चुलीपाशी आई पदर तोंडाला लावून उभी होती. तांदळावर उभी राहिल्यानं माझ्या पायांना टोचत होतं.

हे माझ्याकडं बघत होते, ह्या वेळी क्षणभर नव्हे. म्हणाले, "मग इतके दिवस काही त्रास नाही, काही त्रास नाही, असं का म्हणत होतीस? मला वाटायचं, ही मनात दिवस मोजतेय म्हणून एवढं गोड बोलते."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

काकांनी टोपी डोक्यावर चढवली. "जावईबापू, आमची पोरगी लई खोटं बोलती. पर आत्ताचं खरं वाटतंया. म्या एकटा काई आपरेशनला जायाचा न्हाई. तुमी बसत आसला तर गाडी जुंपतो."

ह्यांनी मला विचारलं, "धुतलेली धोतरं किती आहेत?"

"चार."

"मग उद्या सकाळी निघू."

काका दवाखान्यातून दहाव्या दिवशी घरी गेले आणि जाताना दोन्ही कुल्ल्यांवर बसून गेले. ह्यांना सहा आठवडे लागले. दुखणं संपलं नाही, काही महिने दबून राहायचं आणि पुन्हा उसळायचं. मनाचंही तसंच. पोटाला निदान डॉक्टर होता, मनाच्या दुखण्याला आमच्यापर्यंत पोचेल असं औषध त्या काळी नव्हतं. वाईट सकाळी हे डोळे मिटूनच विचारायचे, "आज कंटाळा आलाय?" आला असला तर मी 'आलाय' म्हणायची, नसला तर 'नाही'. खोटं एकदाही सांगितलं नाही. उत्तर ऐकलं की हे थोडा वेळ तसेच पडून राहायचे आणि मग पाय खाली सोडायचे. अशा सकाळी आम्ही बावीस वर्षं काढल्या.