मिस्त्रींचं एकुलतं एक खोटं

"किती लांब चालवली?"

बिघडलेली गाडी दारात आली की मिस्त्रींचा पहिला प्रश्न हाच असायचा. विचारताना ते गाडीकडे बघायचे नाहीत, आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. मग तेल मोजायची पट्टी इंजिनातून ओढून काढायची, तिच्यावरचं तेल अंगठा आणि बोटात चोळायचं, नाकाशी न्यायचं आणि उत्तराची वाट बघत उभं राहायचं.

उत्तर बहुतेक वेळा खोटं असायचं. पलूसपासून धूर ओकत आलेला टेम्पोवाला छातीवर हात ठेवून सांगायचा, "आत्ता, ह्या कोपऱ्यावर बिघडली बगा!" मिस्त्री त्याला फाडून खायचे. "ड्रायव्हर आन् पेशंट, दोघंबी खोटंच बोलत्यात," ते म्हणायचे. "डॉक्टरला एक्स-रे तरी हाय. मला ह्या दोन बोटांवर भागवाय लागतंय." त्यांना खोट्याची अशी चीड होती की एका ओळखीच्या ड्रायव्हरला त्यांनी गाडीसकट परत पाठवलं होतं. खरं आठवलं की ये म्हणाले. तो तासाभरानं आला, आणि त्याला आठवलं होतं.

तुमच्याही गावात असा एखादा मिस्त्री असेल. आमचे सांगलीचे मिस्त्री अंगानं काटकुळे होते, चष्म्याला मागून सुतळी बांधलेली आणि नखं कायमची काळी. शुक्रवारी दुपारी मात्र पांढराशुभ्र कुर्ता घालून, अत्तर लावून नमाजाला निघाले की शेजारचा पानवालासुद्धा क्षणभर ओळखायचा नाही. माझ्याशी बोलताना आवाज एक पट्टी खाली यायचा, कारण मी शाळेतली बाई. त्यांच्या मते शाळेतल्या बाईपुढे फक्त सरकार मोठ्यानं बोलू शकतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझे यजमान अचानक गेले. मागे राहिली त्यांची जुनी, गोल पाठीची काळी गाडी. मी कुंडलच्या शाळेत शिकवत होते. रोज दोन यष्ट्या बदलून जायचं, घरी यायला दिवेलागण व्हायची, तोवर सासूबाई दारात बसून राहायच्या. मी गाडी शिकले. चाळिशीला आलेली विधवा बाई एकटी गाडी हाकते, याची आमच्या गल्लीत बरीच चर्चा झाली. गाडी कागदोपत्री सासऱ्यांच्या नावावर होती आणि सासरे धाकट्या मुलाच्या शब्दाबाहेर नव्हते. माझे हे धाकटे दीर तसे काळजीचे, पण आडमुठे. त्यांनी मिस्त्रींच्याच आवारात, त्यांच्यासमोर स्वच्छ सांगितलं होतं, "वहिनी, एकदा जरी तुमच्या हातून रस्त्यात बंद पडली, तर मी ती दुसऱ्या दिवशी विकणार. आडरानात तुम्हाला शोधत फिरणं मला जमायचं नाही."

त्या दिवशी मी का थांबले नाही, हे तुम्हाला आता कळेल.

शाळेहून परत येताना माधवनगरच्या अलीकडे, सांगली चार-पाच किलोमीटर असताना, इंजिनातून खडखडाट सुरू झाला. डब्यात खडे घालून हलवावेत तसा. डॅशबोर्डवर सासूबाईंनी पूजेच्या दिवशी पितळेचा छोटा गणपती चिकटवला होता. त्याच्या मागून तांबूस उजेड येत होता. मला वाटलं, उन्हं कलली आहेत. गणपतीला मनातल्या मनात हात जोडले आणि हळूहळू गाडी तशीच रेटली, थेट मिस्त्रींच्या फाटकापर्यंत.

"किती लांब चालवली?"

"आत्ताच. इथं वळणावर आवाज आला," मी म्हणाले. पोरांचे कान धरणाऱ्या माझ्यासारख्या बाईनं हे सांगितलं. त्यांनी पट्टी परत इंजिनात खोचली. बोटांवरचं तेल फडक्याला पुसलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले तर गाडी खालून काम करायच्या खड्ड्यावर उभी होती आणि इंजिनाचं खालचं तेलाचं भांडं उतरवलेलं होतं. मिस्त्रींनी दोन तुकडे माझ्या हातावर ठेवले. तेलपंपाचा दांडा मधोमध मोडला होता. सगळ्या इंजिनाला तेल पाठवायचं काम याच पंपाचं, तो बंद तर आत सगळं कोरडं. मग त्यांनी बेअरिंगच्या वाट्या दाखवल्या. आरशासारख्या गुळगुळीत असायला हव्यात त्या वाट्यांवर चरे पडले होते. मिस्त्रींनी त्यावरून नख फिरवलं. कर्र आवाज आला.

"माधवनगरपासनं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली. लाजेनं जीव अर्धा झाला होता.

"बोलला असता तर मी काय तुमाला खाल्लं नसतं, बाई," ते म्हणाले. "बरं ऱ्हाऊ द्या. आजून थोडं लांब आला असता तर इंजिनच गेलं असतं. वाचलीय ती."

इतक्या जुन्या इंजिनाचा पंप सांगलीत मिळेना. मिस्त्री स्वतः यष्टीनं कोल्हापूरला जाऊन घेऊन आले. बसवायच्या आधी त्यांनी मला तेलाचा डबा दिला. "वता. हाळूहाळू." मी पंपाच्या तोंडात तेल ओतत होते आणि ते हातानं त्याचा दांडा फिरवत होते, दुसऱ्या तोंडातून तेल बाहेर येईपर्यंत. "कोरडा बसवला तर पंप तेल वडतच न्हाई. लोकं घाईला येत्यात आन् नव्या पंपावर इंजिन जाळून घेत्यात." नंतर नवं पॅकिंग, नव्या वाट्या, तेलाची जाळी रॉकेलनं धुतलेली.

गणपतीच्या मागचा तांबूस उजेड उन्हाचा नव्हताच. तेलाचा दाब गेला की पेटणारा लाल दिवा सासूबाईंनी नेमका देवाखाली झाकला होता. मी देव काढायला हात घातला तर मिस्त्रींनीच अडवलं. "देवाला कशाला उठवताय? त्येनं काय केलंय? दिवाच दुसरीकडं घेऊ." आणि त्यांनी स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला नवा दिवा बसवून दिला, रुपयाएवढा मोठा.

चौथ्या दिवशी ते ठिणगीची वायर काढून, इंजिन चालू न करता, तेल वर चढवायला हँडल मारत होते. तेल चढलं आणि लाल दिवा विझला. मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात फाटकातून दीर आले. गाडी चार दिवस इथं उभी असल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"काय केलं वहिनींनी?" त्यांनी मिस्त्रींनाच विचारलं. तीन-चार ड्रायव्हर चहा पीत बसले होते.

"बाईंनी काय न्हाई केलं, मालक," मिस्त्री हँडल खाली ठेवत म्हणाले. "मागच्या सर्व्हिसला ऑइलच्या दिव्याची वायर माझ्याच हातनं निसटली. दिवा लागलाच न्हाई. बाईंनी आवाज आल्या आल्या गाडी बंद केली म्हणून इंजिन वाचलं. चूक माझी हाय."

दीर भडकले. काय काय बोलले ते मी लिहीत नाही. म्हातारपणी हात थरथरत असतील तर दुकान बंद करा, हे त्यातलं सौम्य वाक्य. मिस्त्री खाली मान घालून हात पुसत राहिले. ज्यांना ते आयुष्यभर खोट्यावरून झापत आले, ते ड्रायव्हर बघत होते. आणि मी, बत्तीस पोरांना रोज खरं बोलायला शिकवणारी, गप्प उभी होते.

दिरांचे उसाचे दोन ट्रक आणि जीप मिस्त्रींकडेच यायची. त्या हंगामापासून ती दुसऱ्या गॅरेजला जाऊ लागली. मी रोज जाता-येता रिकामं आवार बघायची. एकदा न राहवून आत गेले आणि म्हणाले, "मिस्त्री, मी भाऊजींना खरं सांगते."

"मग गाडी जाईल," ते म्हणाले. "तुमी परत यष्टीच्या दांडीला लटकणार. सांगू नका. टरकं काय, येत्यात आन् जात्यात."

माझी सोय होती, म्हणून मी त्यांचं ऐकलं. दुसरं कारण नव्हतं.

दशक सरता सरता त्यांना दम्यानं गाठलं. दुकानाला कुलूप लागलं, आणि एके दिवशी पानवाल्यानं सांगितलं की मिस्त्री गेले. मी त्यांच्या घरी गेले, त्यांच्या बीबींजवळ बसले. त्या म्हणाल्या, "तुमचं लय कौतुक करायचे. आमच्या बाई कुंडलपत्तर एकट्या गाडी नेत्यात, म्हणायचे."

तिथून निघाले ती थेट दिरांकडे. ते अंगणात पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. माधवनगर, खडखडाट, माझं खोटं, मिस्त्रींचं खोटं. गाडी काढून घेतली तरी चालेल, हेही म्हणाले.

दिरांनी पेपरची घडी घातली. पुन्हा उलगडली. गाडीबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले, "मी त्यांना सगळ्यांच्या देखत बोललो होतो हो."

मी त्यांच्याजवळच्या खुर्चीवर बसले, आणि आम्ही दोघंही तसेच बसून राहिलो.