नलूताईंचा फोन

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही. बोलून बोलून गिऱ्हाइकं पटवली आयुष्यभर, आता दमलोय.

अमेरिकेत, शॉमबर्गला आमच्या गल्लीत आठ घरं मराठी. सगळे डॉक्टर, इंजिनियर. मी एकटा फरशांचा दुकानदार, शून्यातून उभा राहिलेला. शेजारच्या नलूताई रोज संध्याकाळी माझ्या बायकोला, सुधाला, तळ्याभोवती चालायला न्यायच्या. दारातूनच ओरडायच्या, "बीपीची गोळी घेतलीस का गं? खरं सांग!" मला तो नुसता कलकलाट वाटायचा.

मग गणपतीच्या जेवणात मी आणखी एक मोदक मागितला. नलूताईंचे यजमान सगळ्यांदेखत म्हणाले, "शेठ, इथं घासाघीस नाही हं, प्रसाद आहे!" सगळे हसले. सुधाही हसली. साधी गंमत? असेल. पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच — अजून तो हशा ऐकू येतो. चार महिन्यांत घर विकलं आणि पाऊण तास लांब गेलो, जिथं आसपास एकही देशी माणूस नाही. माणसं भली, गाडीतून हात करणारी. सुधाला ड्रायव्हिंग येत नाही, इंग्रजी जेमतेम. तिचं चालणं थांबलं. गोळ्या राहू लागल्या. बीपी चढलं की मी तिच्यावरच खेकसायचो — लोणचं कमी खा!

"परत जाऊ या का हो?" तिनं दोनदाच विचारलं.

आणि मग — गेल्या वर्षी नलूताईंचा फोन आला. सुधा अंघोळीला गेलेली, मी उचलला. त्यांच्या समोरचं घर विकायला निघत होतं. आधी आम्हाला विचारत होत्या. मी म्हणालो, "सुधालाच यायचं नाही. तुमच्या गोतावळ्याला कंटाळलीय. फोनही नको म्हणते."

"असं म्हणाली?" त्यांनी विचारलं. "बरं. सांभाळा तिला."

त्यानंतर सुधानं दोनदा फोन केला. कोरडी उत्तरं आली. "नलू बदलली हो," म्हणाली. मी मान डोलावली.

सात महिन्यांनी, एका सकाळी, सुधा समोरच्या म्हाताऱ्या बाईंच्या दारात गेली. काहीतरी सांगू लागली. बाईंनी हसून तिला बागेतली फुलं दिली. नंतर हॉस्पिटलात रडत मला म्हणाल्या, "मला वाटलं, ती तुमच्या भाषेत बोलतेय." मी दुकानातून घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. फुलं जमिनीवर, सुधाही.

जुन्या गल्लीत पक्षाघाताचा झटका आलाच नसता, असं डॉक्टर म्हणत नाहीत. पण तिचं मराठी अडखळतंय, हे तिथं पहिल्या वाक्यालाच कळलं नसतं का?

नलूताईंना मी अजून कळवलेलं नाही. सुधाचा उजवा हात गेला, शब्द तुटक येतात. परवा खिडकीशी बसली होती. म्हणाली, "नलू... फोन...?"

मी म्हणालो, "नाही आला."