आरा मशीनचं मराठी

आमच्या कारखान्यात किस्से जमायचे ते लाइट गेल्यावर. कोराडीला एवढं मोठं वीजघर उभं राहिलं, तरी आमच्याकडे लाइट जायचीच! मशीन थांबलं की सगळे फळ्यांच्या थप्पीवर बसायचे आणि कोणीतरी सुरुवात करायचा. तोच किस्सा तिसऱ्यांदा सांगताना त्याला नवं शेपूट फुटलेलं असायचं. मी मात्र इथे फक्त तेच सांगते, जे माझ्या समोर घडलं. एक सोडून. तो कोणता, ते येईलच.

नंदनवनच्या पुढे, कळमन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फर्निचरचा कारखाना होता. शाळांचे बाक, कचेऱ्यांची टेबलं, दारं-खिडक्या. मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले आणि दोनच महिन्यांत शेठनी गोल आरा विकत घेतला. म्हणजे लोखंडी टेबल, त्याच्या मधून वर आलेलं गोल दातेरी ब्लेड, आणि खाली मोटर. तोवर सगळं काम हातकरवतीवर चालायचं. मशीनसोबत चाळीस पानांचं इंग्रजी पुस्तक आलं.

शेठ म्हणाले, "बाई, याचं मराठी करून टाका. तुम्ही बी.ए. आहात ना?"

बी.ए. होते मी. पण संस्कृत घेऊन!

*

पुस्तकात पहिलाच नियम होता, लाकूड 'फेन्स'ला घट्ट टेकवून ठेवा. मी शब्दकोश उघडला. फेन्स म्हणजे कुंपण. मी ऐटीत टाइप केलं: "लाकूड नेहमी कुंपणाला घट्ट टेकवून ठेवावे." कागद मशीनजवळच्या भिंतीवर चिकटवला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी येते तर काय! कारखान्याच्या तारेच्या कुंपणाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सागवानाच्या फळ्या उभ्या. मशीन चालवणारा चंपत कपाळावरचा घाम पुसत होता.

"चंपतभाऊ, हे काय?"

"तुमीच तं लिवलं ना बाई! घट्ट म्हणलं होतं, म्हणून दोरीनं बांधून बी टाकल्या!"

आमचे मुख्य कारागीर केवळराम मिस्त्री कानामागे पेन्सिल खोचून हे सगळं बघत होते. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, बोलणं कमी. ते हसले नाहीत. मला मशीनजवळ घेऊन गेले आणि टेबलावर ब्लेडच्या बाजूने सरळ बसवलेल्या लोखंडी पट्टीवर बोट ठेवलं. लाकूड हिला टेकवून पुढे सरकवलं की काप वाकडा जात नाही.

"हे तुमचं कुंपण," ते म्हणाले. "आमी याले पट्टी म्हणतो."

त्या दिवसापासून मी ठरवलं, वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचा शब्द लिहायचा नाही. रोज जेवणाच्या सुटीत पुस्तक घेऊन मिस्त्रींपाशी जायचं. ते "जय भीम बाई" म्हणून डबा बाजूला सरकवायचे. "आज कोणता शब्द अडला?"

*

एक दिवस 'कर्फ' अडला. शब्दकोशात नव्हताच. पुस्तकातल्या चित्रात ब्लेडच्या वाटेवर दोन रेघा होत्या, बस्स.

मिस्त्रींनी एक फळी घेतली. माझ्याच हातात फूटपट्टी दिली. "मोजा."

"बारा इंच."

त्यांनी ती मशीनवर मधोमध कापली. दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटवून धरले. "आता मोजा."

मी मोजलं. पुन्हा मोजलं. बारा भरेना! एक सूत कमी. म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"मिस्त्री, हे कुठे गेलं?"

त्यांनी खाली पडलेला चिमूटभर भुसा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "आऱ्यानं खाल्लं. जितकं जाड ब्लेड, तितका मोठा त्याचा घास. कपाट बनवताना हा घास मोजला नाई, तं दार लागत नाई."

मी 'कर्फ'समोर लिहिलं, घास. घरी जाऊन भाजी चिरताना, कापड कापताना, सुरी आणि कात्री किती खातात ते बघत बसले. आई म्हणाली, "नोकरी करून राहिली का काय करून राहिली वं तू?"

*

आमच्याकडे पॉलिशचं काम अँथनी करायचा. एकदा नव्या ब्लेडांची पेटी आली. अँथनीने ती उघडायला घेतली, झाकणाकडे बघितलं आणि छातीवर क्रूस काढून तीन पावलं मागे सरकला.

"मी नाही हात लावणार," तो म्हणाला. "कारखान्यावाल्यांनी आधीच लिहून पाठवलं आहे!"

झाकणावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: RIP.

त्याच्या कब्रस्तानात प्रत्येक दगडावर हीच तीन अक्षरं होती. मी त्याला समजावलं, "अरे, रिप म्हणजे उभं चिरणं. लाकडाच्या रेषेच्या दिशेने चिरायचं ब्लेड. आडवं कापायचं वेगळं असतं."

त्याने ऐकून घेतलं, मान हलवली. मग विचारलं, "चिरायचं ना? मग काय चुकीचं लिहिलं आहे त्यांनी?"

*

पुढे शेठनी दुसरं मशीन घेतलं, बँड सॉ. त्यात ब्लेड गोल नसतं, लांब पट्ट्यासारखं दोन चाकांवरून फिरतं, आणि गोलाई कापता येते. शेठनी लगेच रस्त्यावर पाटी लावली: "येथे बँड सॉची सोय आहे."

आठवड्याभरात एक गृहस्थ आले. हातात लग्नपत्रिका. चंपत समोर होता.

"बँड आहे ना तुमच्याकडे? किती माणसांचा आहे?"

"दोन माणसं लागतात जी."

"दोनच? अन् वाजवते कोण?"

"वाजवा काहून लागते? बटन दाबलं का आपोआप वाजते!"

गृहस्थ जरा विचारात पडले. म्हणाले, "नवीनच निघालेलं दिसते."

*

आता तो न बघितलेला किस्सा. अर्धा न बघितलेला, कारण शेवट माझ्या समोर झाला.

कपाटाच्या आत फळी बसवायची तर बाजूच्या लाकडात रुंद खाच पाडावी लागते. ती एका फेऱ्यात पाडणाऱ्या ब्लेडांच्या संचाला पुस्तकात 'डॅडो सेट' म्हटलं होतं. मीच शेठना सांगून तो मुंबईहून मागवला, आणि नेमकी तापाने आजारी पडले. सोमवारी तार आली. तारेत कोणाच्या तरी हातून एक अक्षर जास्त पडलं: DADO SETH REACHING TUESDAY.

शेठनी वाचलं, "दादो शेठ मंगळवारी पोचतात."

कोण दादो शेठ? मुंबईहून तार करून येतात म्हणजे कोणी बडी असामी! शेठच्या मनात तेव्हा मुंबईच्या एखाद्या व्यापाऱ्याशी भागीदारी करायचं घोळत होतं. त्यांनी कारखाना झाडून घेतला, चंपतला नवा शर्ट घालायला लावला, आणि मंगळवारी सकाळी झेंडूचा हार आणि संत्र्यांची टोपली घेऊन स्टेशनवर गेले. फर्स्ट क्लासच्या डब्यासमोर उभं राहून प्रत्येक जाडजूड माणसाला विचारलं, "आपण दादो शेठ का?" गाडी रिकामी झाली. मग पार्सल ऑफिसच्या माणसाने त्यांच्याच नावाचा पुकारा केला.

मी त्या दिवशी कामावर परतले होते. शेठची मोटार आत आली. मागच्या सीटवर एक लाकडी खोका होता आणि खोक्याच्या गळ्यात झेंडूचा हार.

मला हसू आवरेना. शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणलाच होता, तर वाया कशाला घालवायचा?"

*

एकदा सरकारी इन्स्पेक्टर आले. मिस्त्री बाहेर होते. इन्स्पेक्टरांनी मशीनकडे बघितलं आणि चंपतला दरडावलं, "गार्ड कुठे आहे?"

"चहा प्यायले गेला जी."

"मी ब्लेडच्या गार्डबद्दल विचारतो आहे!"

"एकच ठेवला आहे साहेब. ब्लेडवर बी तोच लक्ष ठेवते, गेटवर बी तोच!"

ब्लेडवरची लोखंडी टोपी त्याच संध्याकाळी बसली. चंपत तिला शेवटपर्यंत चौकीदार म्हणायचा.

*

सगळेच किस्से हसण्याचे नाहीत.

'किकबॅक' या शब्दावर मी बरेच दिवस अडून होते. कोशातून जोडून जोडून मी लिहिलं होतं, प्रतिगामी आघात. मिस्त्रींना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "हे कोण्या गावचं?"

तेव्हा मी ठरवलं, स्वतः बघायचं. चंपत सागवानाची लांब ओली फळी उभी चिरत होता. लाकूड कसं उलगडतं ते नीट दिसावं म्हणून मी मशीनच्या बरोबर समोर, फळीच्या शेपटाच्या रेषेत जाऊन उभी राहिले. डोळे ब्लेडवर. इतक्यात मिस्त्रींनी माझा दंड धरला आणि ओढलंच. त्याआधी कधी त्यांनी मला साधा धक्काही लागू दिला नव्हता.

"बाई, इकडून पाहा."

मी काही बोलणार, तोच मशीनचा आवाज बदलला. चिरलेलं लाकूड मागून मिटलं, ब्लेड त्यात आवळलं गेलं आणि अख्खी फळी उलट दिशेने सुटली. मी जिथे उभी होते तिथून गेली आणि मागच्या टिनाच्या भिंतीत घुसली. अर्धी आत, अर्धी बाहेर.

चंपत बाजूला उभा होता म्हणून वाचला. तो तिथेच खाली बसला. मिस्त्रींनी मोटर बंद केली. माझ्या दंडावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते.

"तुमच्या पुस्तकात याले काय म्हणतात?" मिस्त्रींनी विचारलं.

"किकबॅक."

"म्हणजे?"

मी भिंतीकडे बघितलं. "लाथ."

"हां. आता बराबर झालं."

दुसऱ्या दिवशी मी नवा कागद चिकटवला: "मशीन लाथ मारते. बाजूला उभे राहा." त्याचा अर्थ मला कोणी विचारला नाही.

*

आणि हा शेवटचा.

आम्ही मागवलेलं एक मोठं ब्लेड परत गेलं, कारण त्याला तडा होता. तो डोळ्यांना दिसत नव्हता. पुढे कंपनीने तसं पत्रही पाठवलं, पण ते सोडा. मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

ब्लेड आलं तेव्हा मिस्त्रींनी ते बोटावर टांगलं आणि पटाशीच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवलं. चांगलं ब्लेड घंटेसारखं गुणगुणतं. त्यांनी तीन वेळा वाजवलं, कान लावला आणि खाली ठेवलं.

"हे नाई लावायचं."

"काहून?" चंपतने विचारलं.

"बोलता बोलता थांबून राहिलं ते."

मीही कान लावला. मला काही कळलं नाही. शेठनी कंपनीला कळवलं आणि कंपनीचा इंजिनिअर आला. तरुण, हुशार, टापटीप. त्याने भिंग लावून एकेक दात तपासला, जाडी मोजली, आणि म्हणाला की ब्लेड उत्तम आहे, कारागिराला नव्या मालाची सवय नाही.

शेठनी मिस्त्रींकडे बघितलं. "मिस्त्री, साहेब म्हणतात चांगलं आहे."

"असंन जी. पण माह्या हातानं मी नाई लावणार. चंपतलेबी नाई लावू देणार."

"मग काम सोडता का?"

"सोडतो," मिस्त्री म्हणाले. आवाज चढला नाही की काही नाही. पंधरा वर्षांची नोकरी, घरी सहा माणसं.

इंजिनिअरने कोट काढून खुर्चीवर ठेवला, बाह्या सरसावल्या आणि स्वतः ब्लेड चढवलं. नट आवळला. "मी चालवून दाखवतो," म्हणाला आणि स्विचवर हात ठेवला.

मिस्त्री पुढे झाले. अगदी अदबीने म्हणाले, "चालवा साहेब. फक्त हातातली घडी काढून या बाईजवळ देऊन ठेवा."

"घड्याळ? कशाला?"

"घरी पोचवाले काई तरी पायजे ना जी."

इंजिनिअरने मिस्त्रींकडे बघितलं, मग ब्लेडकडे, मग माझ्याकडे. मी हात पुढे केलेलाच होता.

त्याने स्विचवरचा हात काढला.